खेड्यातला डॉक्टर : एडवर्ड जेन्नर

संशोधन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखाद्या मोठ्या शहरातली प्रयोगशाळा उभी राहते. पांढरा अंगरखा घातलेला शास्त्रज्ञ, काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि भिंतीला लागून ग्रंथांच्या रांगा. खेड्यातल्या डॉक्टरचे काम वेगळे, असे आपण धरून चालतो. त्याने खोकला-ताप पाहावा, जखम बांधावी, बाळंतपणाला धावून जावे. शोध लावण्याचे काम विद्यापीठातल्या मंडळींचे. मी इतिहास शिकवतो. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एखाद्या रोग्याचा असतो तेवढाच. परंतु अठराव्या शतकाचा इतिहास शिकवताना एक माणूस मला पुनःपुन्हा भेटत राहिला, आणि त्याने ही समजूत पार मोडून टाकली. एडवर्ड जेन्नर हे त्याचे नाव. देवीची लस शोधणारा म्हणून शालेय पुस्तकांत त्याच्यावर चार ओळी असतात. त्या चार ओळींत एक गाय असते, एक गवळण असते आणि एक लहान मुलगा असतो. जे नसते ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जेन्नर हा जवळजवळ जन्मभर खेड्यातला डॉक्टर होता, आणि त्याचा शोध त्या खेड्यातल्या डॉक्टरकीतूनच निघाला.

इंग्लंडच्या पश्चिमेला ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. सेव्हर्न नदीकाठचा हा सखल, हिरव्या कुरणांचा मुलूख दूधदुभत्यासाठी आणि चीजसाठी पूर्वापार प्रसिद्ध. तेथील बर्कले या गावी १७ मे १७४९ रोजी जेन्नरचा जन्म झाला. वडील गावचे धर्मगुरू होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. तो पाच वर्षांचा असताना, १७५४ साली, आई आणि वडील दोघेही वारले, आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले.

त्या काळी युरोपात देवीचा रोग घरोघरचा होता. ज्यांना तो होई त्यांतील शंभरातली वीस-तीस माणसे दगावत. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत आणि कित्येकांचे डोळे जात. आपल्याकडे या रोगाला देवीचेच नाव मिळाले, त्यावरून त्याचा धाक केवढा होता हे कळते. मात्र एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव घेऊन तो निरोगी माणसाच्या कातडीत मुद्दाम टोचण्याची चाल हिंदुस्थानात आणि तुर्कस्तानात जुनीच होती. इंग्लंडमध्ये ती लेडी मेरी वॉर्टली मॉंटेग्यू या बाईंच्या पुढाकाराने १७२१ साली पोचली. अशा रीतीने आलेल्या देवी बहुधा सौम्य असत. पण त्या खऱ्याच देवी असत. टोचलेल्यांपैकी शंभरी एक-दोन माणसे मरत, आणि टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोग लागून साथ उठण्याचे भय असेच.

आठ वर्षांच्या एडवर्डला शाळेत असताना अशाच देवी टोचण्यात आल्या. त्याआधी शरीराची तयारी म्हणून त्याला उपाशी ठेवले, रेचके दिली, रक्त काढले, आणि मग टोचून इतर मुलांबरोबर एका तबेल्यात ठेवून दिले. तो वाचला, पण पुढे पुष्कळ दिवस अशक्त राहिला आणि त्याची झोप उडाली. या उपचाराला पर्याय शोधण्याची ओढ ज्याला लागायची होती, त्याने तो उपचार आधी स्वतःच्या अंगावर सोसलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी जेन्नर जवळच्या सॉडबरी गावी एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिला. जखमा बांधणे, औषधे कुटणे, रोग्यांच्या घरी जाणे असे काम त्याने काही वर्षे केले. १७७० साली तो लंडनला गेला आणि जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्याच्या घरी राहून शिकला. हंटर हा विलक्षण गुरू होता. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष काय दिसते याला तो किंमत देई. नुसता विचार करीत बसू नये, करून पाहावे, आणि तेही धीराने व काटेकोरपणे, हे त्याच्या शिकवणुकीचे सार होते. कॅप्टन कुक पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेहून १७७१ मध्ये परतला तेव्हा त्याच्या जहाजावरून आलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने लावण्याचे काम तरुण जेन्नरकडे आले. दुसऱ्या सफरीवर येण्याबद्दलही त्याला विचारणा झाली. जगाची सफर, लंडनमधली प्रतिष्ठा, हंटरचा सहवास, सगळे समोर होते. ते सोडून हा तरुण आपल्या बर्कलेला परत आला आणि घोड्यावर बसून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रोगी पाहू लागला.

मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे रोगी येतो, औषध घेतो आणि निघून जातो. त्याचे पुढे काय झाले ते डॉक्टरला क्वचितच कळते. खेड्यातला डॉक्टर तोच रोगी तीस वर्षे पाहत असतो. त्याच्या आईबापांना तो ओळखतो, त्याच्या मुलांना त्याने जन्मताना पाहिलेले असते. कोण कोणाच्या गोठ्यात कामाला होता, कोणत्या साली कोणाच्या घरी साथ शिरली आणि कोणाला तिने सोडले, हे त्याला माहीत असते. अशा माहितीला आपण बहुधा गावगप्पा म्हणून सोडून देतो. जेन्नरने ती टिपून ठेवली.

टिपणे करणे हा त्याचा स्वभावच होता. हंटर त्याला लंडनहून पत्रे पाठवून निरनिराळी कामे सांगे, आणि हा हिवाळी झोपेत असलेल्या हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या शरीराचे तापमान मोजून त्याला कळवी. कक्कू पक्ष्याबद्दलचे त्याचे संशोधन तर आजही वाचण्यासारखे आहे. कोकिळेच्या कुळातला हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतो. मग त्या घरट्यातली मूळची अंडी व पिल्ले बाहेर कशी पडतात? पाळणारा पक्षीच ती बाहेर टाकत असावा, असे जेन्नरला आधी वाटले आणि तसा लेख त्याने रॉयल सोसायटीकडे पाठवलाही. पण १७८७ च्या जून महिन्यात एका घरट्यावर नजर ठेवून बसला असता त्याने डोळ्यांनी पाहिले की नुकतेच जन्मलेले, डोळेही न उघडलेले कक्कूचे पिल्लूच आपल्या पाठीच्या खोलगट भागावर दुसऱ्याचे पिल्लू तोलून त्याला काठापर्यंत ढकलीत नेते. त्याने आधीचा लेख परत घेतला, नवी निरीक्षणे घातली, आणि १७८८ मध्ये तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी तो सोसायटीचा सदस्य झाला. कित्येकांनी त्या निरीक्षणाला कपोलकल्पित ठरवले. विसाव्या शतकात चित्रफीत निघाली तेव्हा जेन्नरचेच खरे ठरले.

एवढ्यावर त्याचे समाधान नव्हते. आसपासच्या गावांतले मूठभर डॉक्टर रॉडबरो येथील फ्लीस नावाच्या खानावळीत ठराविक दिवशी जमत, जेवत, आणि प्रत्येकाने आपल्या रोग्यांवर लिहून आणलेले टिपण वाचून दाखवीत. जेन्नर या मंडळाचा प्राण होता. ना विद्यापीठ, ना अनुदान, ना ग्रंथालय! तरीसुद्धा गावोगावच्या डॉक्टरांनी आपला अनुभव कागदावर आणावा आणि तो दुसऱ्यांनी तपासावा, ही आजच्या वैद्यकीय परिषदांची मूळ कल्पना तेथे होती. छातीत कळ येऊन मरणाऱ्या रोग्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या असतात, हा संबंध जेन्नरने ओळखला होता. परंतु त्याच सुमारास गुरू हंटरला तोच विकार जडल्याची चिन्हे दिसू लागली. आपला लेख वाचून गुरूला स्वतःचे मरण कळेल, म्हणून जेन्नर गप्प राहिला. पुढे हंटर १७९३ मध्ये वारल्यावर त्याचा मित्र डॉ. पॅरी याने १७९९ मध्ये या विकारावर पुस्तक लिहिले आणि जेन्नरचे ऋण त्यात मान्य केले. छापणे आणि न छापणे या दोहोंमागे केवढी जबाबदारी असते हे जेन्नरला पुरते ठाऊक होते.

आता गाईंकडे वळू. त्या मुलखात गाईंच्या सडांवर कधी कधी फोड येत. धार काढणाऱ्यांच्या हातांना ते लागत. हात सुजत, काखेत गाठ येई, दोन-चार दिवस ताप येई आणि माणूस बरा होई. ज्याला या गाईच्या देवी येऊन गेल्या त्याला माणसाच्या देवी येत नाहीत, असे तेथले गवळी आणि शेतकरी पिढ्यान्पिढ्या सांगत. डॉक्टरांच्याही ते कानांवर होते. थॉर्नबरीच्या फ्यूस्टर नावाच्या डॉक्टरला जेन्नरच्याही आधी असे दिसले होते की काही शेतकऱ्यांना देवी कितीही टोचल्या तरी त्या उठतच नाहीत. डॉर्सेटमधला बेंजामिन जेस्टी नावाचा शेतकरी तर त्याच्याही पुढे गेला. १७७४ च्या साथीत त्याने एका गाईच्या फोडातला द्रव मोजे रफू करण्याच्या सुईने आपल्या बायकोच्या आणि दोन मुलांच्या दंडात टोचला. बायकोचा हात सुजून ती आजारी पडली, गावकऱ्यांनी जेस्टीला शिव्याशाप दिले. पण पुढे त्या मुलांना खऱ्या देवी टोचल्या तेव्हा त्या उठल्या नाहीत.

म्हणजे जेन्नरच्या बावीस वर्षे आधी एका शेतकऱ्याने ते केले होते. मग श्रेय जेन्नरला का? हा प्रश्न माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, आणि तो योग्यच आहे. जेस्टीच्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. १८०५ साली लंडनच्या एका लस संस्थेने त्याला बोलावून त्याचा गौरवही केला. पण जेस्टीने आपले कुटुंब वाचवले आणि गोष्ट तेथेच थांबली. फ्यूस्टरने पाहिले आणि तो आपल्या कामाला लागला. जे कळले ते कसे पडताळावे, दुसऱ्याला पटेल असे कसे मांडावे, आणि पुरावा सगळ्या जगाच्या हाती कसा द्यावा, हा उद्योग एकट्या जेन्नरने केला. त्याला त्यासाठी वीस-पंचवीस वर्षे लागली.

कारण लोकांची समजूत जशीच्या तशी खरी नव्हती. गाईच्या देवी येऊन गेल्यावरही काहींना माणसाच्या देवी आल्याची उदाहरणे होती, आणि सहकारी डॉक्टर ती पुढे करून जेन्नरला गप्प बसवीत. त्याने एकेक उदाहरण उकलले. गाईच्या सडांवर येणारा प्रत्येक फोड एकाच रोगाचा नसतो. आणि खऱ्या रोगाच्या फोडातही ठराविक दिवसांतला ताजा द्रवच उपयोगी पडतो, फोड पिकून जुना झाला की गुण जातो, असे त्याच्या ध्यानात आले. जंतूंचे ज्ञान नव्हते, विषाणू हा शब्दसुद्धा आजच्या अर्थाने कोणाला माहीत नव्हता. हाताशी होती ती फक्त नजर आणि वही.

१४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेन्नरने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन बारीक चिरा देऊन टोचला. साराला ज्या गाईपासून फोड आले तिचे नाव ब्लॉसम. तिचे कातडे लंडनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आजतागायत जपलेले आहे. जेम्सला थोडा ताप आला, एक दिवस बरे वाटले नाही, आणि तो खेळू लागला. १ जुलै रोजी जेन्नरने त्याच मुलाला खऱ्या देवी टोचल्या. काही झाले नाही. पुढे पुन्हा टोचल्या, तेव्हाही नाही.

येथे थांबून एक प्रश्न विचारावाच लागतो. पदरी असलेल्या गरीब माळ्याचा मुलगा प्रयोगाला घेण्याचा जेन्नरला काय अधिकार होता? आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणालाही करता येणार नाही, आणि ते उत्तम आहे. त्या काळाचा विचार करताना एवढे ध्यानात घ्यावे की खऱ्या देवी टोचणे हा तेव्हा धोक्याचा कसोटीप्रयोग नव्हता, रोजचा उपचार होता. जेम्सला त्या कधी ना कधी टोचल्या गेल्याच असत्या. पुढे जेन्नरने स्वतःच्या अकरा महिन्यांच्या मुलालाही गाईच्या देवी टोचल्या, त्या धरल्या नाहीत हा भाग निराळा. तरीही माळ्याला नाही म्हणता आले असते का, या शंकेचे समाधान होत नाही. जेन्नरने पुढे जेम्सला राहायला घर दिले आणि त्याच्या बागेत गुलाब लावून दिले. त्यात कृतज्ञता होती आणि ऋणाची जाणीवही असावी, असे मला वाटते.

१७९७ मध्ये जेन्नरने आपला लेख रॉयल सोसायटीकडे पाठवला. कक्कूवरचा लेख ज्या सोसायटीने छापला होता तिने हा स्वीकारला नाही. इतक्या थोड्या पुराव्यावर एवढे मोठे विधान करून मिळवलेले नाव घालवू नये, असे त्याला सुचवण्यात आले. माझ्या मते जेन्नरचे मोठेपण त्या नकारानंतरच्या वर्षात दिसते. त्याने कोणाशी भांडण केले नाही. पुरावा थोडा आहे हे म्हणणे त्याने खरे मानले आणि तो वाढवायला घेतला. पण गाईंच्या देवी सदासर्वकाळ नसत. त्या पुन्हा दिसेपर्यंत वाट पाहणे भाग होते. १७९८ च्या वसंतात त्या दिसल्या. १६ मार्च रोजी त्याने साडेपाच वर्षांच्या विल्यम समर्सला गाईपासून टोचले, त्याच्या दंडावरून विल्यम पीडला, पीडच्या दंडावरून आणखी मुलांना. दर वेळी गाय लागत नाही, माणसाकडून माणसाकडे साखळी नेता येते, हे सिद्ध झाले. आणि याच साखळीने पुढे जग जिंकले.

मग त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापले. १७९८ च्या मध्यावर लंडनला निघालेल्या या पुस्तकाची पाने पाऊणशेच्या आसपास, रंगीत चित्रे चार. त्यांतले एक सारा नेल्म्सच्या हाताचे. आत तेवीस प्रकरणे आहेत, आणि बहुतेक प्रकरण म्हणजे गावातले एखादे माणूस. जोसेफ मेरेट हा माळीकाम करणारा. याला १७७० साली गाईच्या देवी आल्या आणि १७९५ साली खऱ्या देवी वारंवार टोचूनही उठल्या नाहीत. जॉन फिलिप्स हा बर्कलेचा व्यापारी. याला नवव्या वर्षी गाईच्या देवी आल्या आणि बासष्टाव्या वर्षी टोचलेल्या देवी लागल्या नाहीत. त्रेपन्न वर्षांचे अंतर! कोणत्या प्रयोगशाळेत असा पुरावा मिळाला असता? तो पुरावा गावाच्या स्मरणात पडून होता आणि गावाचा डॉक्टर तो वेचू शकला. याच पुस्तकात जॉन बेकर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाची नोंद आहे. त्याला टोचल्यानंतर गरिबांच्या आश्रयगृहात त्याला साथीचा ताप आला आणि पुढची कसोटी घेता आली नाही. तो वाचला नाही. जे सोयीचे नव्हते तेही जेन्नरने वगळले नाही.

पुस्तक निघाले आणि वादळ उठले. लंडनमध्ये तीन महिने राहूनही जेन्नरला टोचून घ्यायला एक माणूस मिळाला नाही. काही डॉक्टरांनी देवीच्या रुग्णालयातच लस टोचून ती खऱ्या देवींशी मिसळू दिली आणि लशीला बदनाम केले. जनावराचा रोग माणसात घालणे हे पाप आहे अशी प्रवचने झाली. १८०२ मध्ये गिलरे या चित्रकाराने एक व्यंगचित्र काढले; त्यात लस घेतलेल्या माणसांच्या अंगांतून गाई फुटून बाहेर पडताना दाखवल्या आहेत. हसू येते, पण आपणही फार हसू नये. माझी आजी सांगे की गावात देवीडॉक्टर आला की बायका मुलांना कणगीमागे लपवीत. भीती सगळीकडची सारखीच.

एक गोष्ट मात्र विरोधकांनाही नाकारता आली नाही. याच इंग्लंडमध्ये सटन नावाच्या घराण्याने देवी टोचण्याची आपली सुधारलेली पद्धत वर्षानुवर्षे गुपित ठेवून मोठी माया जमवली होती. जेन्नरला तसे करता आले असते. त्याने सगळे छापून टाकले: द्रव केव्हा घ्यावा, कसा टोचावा, फोड कसा दिसला म्हणजे लस धरली समजावे. मागेल त्याला तो पत्राने लस पाठवी. उत्तरे लिहिण्यात त्याचे दिवस जात आणि डॉक्टरकी मागे पडे. आपल्या बागेतल्या एका लहानशा झोपडीत तो गरिबांना फुकट टोचत असे. पार्लमेंटने १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये वीस हजार पौंड त्याला दिले, ते या झिजलेल्या संसाराची भरपाई म्हणून.

लस हिंदुस्थानात कशी आली ही कथा आपल्या जवळची आहे. इंग्लंडहून समुद्रमार्गे पाठवलेली लस लांबच्या प्रवासात आणि उष्ण्यात मरून जाई. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर ज्याँ द कारो यांच्या प्रयत्नाने ती खुष्कीच्या वाटेने बगदादला पोचली, तेथून बसऱ्याला, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. त्या एका चिमुरड्या दंडावरून इतर मुलांना टोचले गेले आणि तेथून लस देशभर गेली. १८०२ हे साल आम्ही इतिहासात वेगळ्या कारणासाठी शिकवतो: ऑक्टोबरात हडपसरची लढाई, डिसेंबराच्या अखेरीस वसईचा तह. राज्य गेले त्याची तारीख आम्हाला पाठ आहे. त्याच वर्षी मुंबईत जे आले त्याची तारीख पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आपल्या भाषेने मात्र ती आठवण ठेवली आहे. फोडातून झिरपणाऱ्या पाण्याला मराठीत पूर्वीपासून लस म्हणत. तोच शब्द आज प्रत्येक रोगाच्या प्रतिबंधक औषधाला लागला. टोचण्याला आपण देवी काढणे म्हणू लागलो. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली आणि मुंबई इलाख्यासाठी बेळगावला ती तयार होऊ लागली. तेथले व्हॅक्सिन डेपोचे मैदान अजून त्याच नावाने ओळखले जाते.

जेन्नरचे सगळेच बरोबर होते असे नाही. एकदा टोचले की जन्मभराची निश्चिंती, असे तो मानी. पुढे अनुभवाने कळले की काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते. गाईंचा हा रोग मुळात घोड्यांच्या पायांवरच्या विकारातून येतो, असे त्याचे मत होते, त्याचीही फार टिंगल झाली. गंमत अशी की २०१७ साली एका शतकापूर्वीच्या लशीची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या विषाणूच्या अगदी जवळचा निघाला. मत अर्धे चुकले असेल, पण त्याने पाहिलेले लिहून ठेवले होते म्हणून दोनशे वर्षांनी ते तपासता तरी आले.

कीर्ती आली तशी दुःखेही आली. थोरला मुलगा १८१० मध्ये क्षयाने गेला, पत्नी कॅथरिन १८१५ मध्ये त्याच रोगाने गेली. त्यानंतर जेन्नर बर्कले सोडून फारसा कोठे गेला नाही. अखेरपर्यंत तो रोगी पाहत होता, पक्षी पाहत होता. पक्ष्यांच्या स्थलांतरावरचा त्याचा लेख त्याच्या पश्चात वाचला गेला. २६ जानेवारी १८२३ रोजी तो बर्कलेतच वारला आणि गावच्या चर्चमध्ये आईवडिलांजवळ त्याला मूठमाती मिळाली.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने देवीविरुद्ध नेट लावला. नुसती लस टोचून भागेना, तेव्हा घरोघर जाऊन रोगी शोधायचा, त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचे, आणि प्रत्येक घराची नोंद ठेवायची, अशी रीत पडली. गावोगाव वह्या घेऊन फिरणाऱ्या हजारो आरोग्यसेवकांनी ते काम केले. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. आमच्या पिढीच्या हातांवर त्या लशीचे गोल वण आहेत. माझ्या विद्यार्थ्यांच्या दंडावर जी खूण दिसते ती क्षयाच्या लशीची. त्यांना देवी काढाव्या लागल्या नाहीत, यापरते जेन्नरचे दुसरे स्मारक कशाला हवे?

हा लेख मी मुद्दाम कला शाखेच्या वार्षिकासाठी लिहिला. आपली मुले राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दर वर्षी गावाचे सर्वेक्षण करतात. कोणत्या घरी किती बाळे दगावली, पाणी कोठून आणतात, कोणत्या आजाराला लोक काय म्हणतात, हे सगळे तक्त्यांत भरले जाते आणि ते तक्ते मग कपाटात जातात. ते मोजावेत, मागच्या वर्षीच्या तक्त्यांशी ताडून पाहावेत, चार पानांचा का होईना पण वृत्तान्त छापावा, आणि तो त्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामपंचायतीत नेऊन द्यावा. त्याला वैद्यकाची पदवी लागत नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईने सांगितलेली गोष्ट हसण्यावारी न नेता तिचे नाव, साल आणि हकीकत नीट उतरवून घेण्याची सवय लागते. यंदाचे शिबिर डिसेंबरात आहे. गेल्या पाच वर्षांचे तक्ते कपाटात आहेत, आणि त्याची किल्ली इतिहास विभागात मागितली तर मिळेल.